शब्दाला जामीन कोण?

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे राज्यांना सांगितले आहे. हे कलम सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली घटनेत आले. त्याच वर्षीच्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे सीमाभागातल्या सभांमधून आपण या कलमाचा उच्चार कैक वेळा केला आहे. मात्र त्यातले एक पद आपण घाईने ओलांडून जातो : ‘शिक्षणाच्या प्राथमिक टप्प्यावर’. घटनेने दिलेले हे आश्वासन तिथेच थांबते. दुसऱ्या टोकाला अनुच्छेद ३४८ आहे. संसद कायद्याने अन्य तरतूद करीत नाही तोवर सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीतून चालेल, असे तो सांगतो. म्हणजे पायथ्याशी मातृभाषा आणि शिखरावर इंग्रजी. मधली वाट विद्यार्थ्याने कशी चढायची, याविषयी राज्यघटना मौन बाळगते, विद्यापीठेही मौन बाळगतात आणि खरे सांगायचे तर आपण चळवळीतली माणसेही फारसे बोललेलो नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत या मधल्या वाटेवर एक नवा वाटाड्या येऊन उभा राहिला आहे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही भाषेत क्षणार्धात लिहून देणारे हे यंत्र म्हणजे चॅटजीपीटी आणि त्याची भावंडे. पाव शतकाहून अधिक काळ बेळगावच्या न्यायालयांत वकिली करताना आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना हाताखाली शिकताना पाहताना या वाटाड्याविषयी माझे जे मत बनले, ते येथे मांडतो. तंत्रज्ञानाला सरसकट विरोध करणाऱ्यांपैकी मी नाही. टंकलेखन यंत्र गेले आणि संगणक आला, निवाड्यांचे जाडजूड खंड गेले आणि ते पडद्यावर आले. या दोन्ही बदलांनी आमच्या धंद्याचे भलेच केले. आताचा बदल मात्र वेगळ्या जातीचा आहे. आधीची यंत्रे आपण लिहिलेले जपून ठेवीत व शोधून देत. हे यंत्र आपल्या वतीने लिहिते, आणि लिहिलेल्याची जबाबदारी घेत नाही.

सीमाभागातला विद्यार्थी विधी महाविद्यालयात कसा पोहोचतो, ते आधी पाहिले पाहिजे. खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातल्या एखाद्या गावी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकते. कन्नड तिला शाळेत एक विषय म्हणून आणि बाजारात व्यवहार म्हणून येते. इंग्रजी बहुधा पाठांतरापुरते. पदवीला आल्यावर वर्गातले व्याख्यान इंग्रजीत, कार्यालयातली सूचना कन्नडमध्ये आणि घरातले कागद मराठीत, अशा तीन भाषांच्या संगमावर ती उभी राहते. वास्तविक ही केवढी मोठी संपत्ती! तीन भाषांतले दस्तऐवज वाचू शकणारा वकील मुंबईलाही सहजी मिळत नाही. परंतु हे सामर्थ्य घडवण्याचे काम कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. अनेक महाविद्यालयांचा गाडा अतिथी व्याख्यात्यांच्या जिवावर चालतो. त्यांना पुढच्या सत्रात आपण असू की नाही याचीच शाश्वती नसते, मग विद्यार्थ्याच्या वहीवर ते किती वेळ खर्च करणार? बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी मसुदालेखन आणि दस्तलेखन हा विषय सक्तीचा केला, हे उत्तम झाले. पण पुष्कळ ठिकाणी तो विषय गाईडमधले इंग्रजी नमुने उतरवून काढून पुरा होतो. पक्षकाराच्या ट्रंकेतून निघालेले खरेखुरे खरेदीखत विद्यार्थ्याच्या हाती वर्गात कधी पडत नाही.

ही पोकळी जुनी आहे. यंत्राचा दोष एवढाच की त्याने ती झाकून टाकली. पूर्वी न समजलेला विद्यार्थी निदान गप्प बसे आणि आपल्याला कळत नाही हे त्याला ठाऊक असे. आता न समजताच त्याच्या हाती चार पानांचा नीटनेटका मजकूर येतो, आणि तो वाचून गुरू व शिष्य दोघांचेही समाधान होते.

एक उदाहरण देतो. पक्षकाराची ओळख पटू नये म्हणून तपशील मोजकेच सांगतो. चंदगड तालुक्यातल्या एका जमिनीचे २०१२ सालचे खरेदीखत घेऊन विशीतला एक मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली ही जमीन त्यांच्या मृत्यूनंतर आईने विकली होती. दस्तात लिहून देणार म्हणून आईचे नाव होते, ‘स्वतःकरिता व अज्ञान मुलाची पालनकर्ती आई म्हणून’. माझ्या कार्यालयात तेव्हा कायद्याची एक विद्यार्थिनी इंटर्न म्हणून येत असे. मुलगी हुशार, कष्टाळू. दस्ताचा इंग्रजी सारांश करून आण, असे मी तिला सांगितले. तिने तो दुसऱ्या दिवशी सकाळीच आणला. इंग्रजी निर्दोष होते. माझ्या पहिल्या दहा वर्षांत मला लिहिता आले नसते इतके सफाईदार. मूळ दस्त शेजारी ठेवून मी तो वाचू लागलो. ‘अज्ञान मुलगा’ याचे तिथे ‘इग्नोरंट सन’ झाले होते. ‘सदर मिळकत’ ही ‘सदर उत्पन्न’ या अर्थाने गेली होती. जमिनीच्या वर्णनातल्या ‘पोटखराब’ क्षेत्राचा तर पोटाच्या विकाराशी संबंध जोडला गेला होता.

पोटखराबावर आम्ही दोघेही हसलो. पण ‘अज्ञान’वर हसण्यासारखे काही नव्हते. आपल्या दस्तांच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम ८ नुसार अशा मुलाची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. विकल्यास तो व्यवहार मुलाच्या इच्छेवर रद्द होऊ शकतो. मात्र तो रद्द करून घेण्याचा दावा त्याने सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत, म्हणजे एकविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, दाखल करावा लागतो. या मुलाच्या हातात काही महिनेच उरले होते. त्याचा सारा हक्क त्या एका शब्दावर उभा होता, आणि सारांशात तो शब्द नाहीसा झाला होता. अडाणी मुलाच्या आईने जमीन विकली असेल, तर कायद्याचे त्यात काहीच जात नाही. अज्ञान मुलाच्या आईने विकली असेल, तर दावा उभा राहतो. नुसता सारांश वाचणाऱ्या वकिलाने त्या मुलाला ‘काही करता येणार नाही’ असे सांगून परत पाठवले असते. दावा मुदतीत दाखल झाला, ही समाधानाची गोष्ट.

मी त्या विद्यार्थिनीला दोष देत नाही. तिच्या शालेय पुस्तकात अज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव, एवढाच अर्थ होता. दस्तातला अर्थ तिला ना शाळेने सांगितला, ना महाविद्यालयाने. ‘हा शब्द तुला खटकला नाही का?’ असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘सर, इंग्रजी इतकं चांगलं होतं की शंकाच आली नाही.’ या वाक्यात मला सगळ्या धोक्याचे सार दिसते. चुकीचे इंग्रजी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची चूक दिसते आणि दुरुस्त होते. सफाईदार चूक दिसतच नाही.

मराठीच्या बाबतीत हा धोका अधिक मोठा का, हेही समजून घ्यावे. ही यंत्रे महाजालावर जे लिखाण उपलब्ध आहे त्यावर पोसली जातात. इंग्रजी लिखाणाचा तिथे सागर आहे. मराठीचे त्या मानाने तळे. त्या तळ्यातही वृत्तपत्रांची आणि भाषांतरित जाहिरातींची मराठी अधिक. तहसील कचेरीतली, दस्तलेखकाच्या टेबलावरची, दिवाणी न्यायालयातली मराठी तिथे अगदी थोडी. साठेखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, नजरगहाण, कब्जेगहाण, वहिवाट, पोटहिस्सा, दरखास्त या शब्दांचे अर्थ रूढीने घट्ट झालेले आहेत, पण ते लाखो पाने बांधावर आणि कपाटात पडून आहेत, महाजालावर नाहीत. मग यंत्र काय करते? जवळ असलेल्या हिंदीचा आधार घेते. ‘कलम’च्या जागी ‘धारा’ येते, ‘वकील’ जाऊन ‘अधिवक्ता’ येतो. उलट दिशेने इंग्रजीतून मराठीत येताना करारकायद्यातले ‘कन्सिडरेशन’ म्हणजे ‘प्रतिफल’ हे सोडून ‘विचार’ होऊन बसते, आणि ‘लीव्ह ग्रँटेड’, म्हणजे अपिलास परवानगी दिली, याची ‘रजा मंजूर’ होते. ‘एक्झिक्युशन’चा अर्थ हुकूमनाम्याची अंमलबजावणी की देहान्त शिक्षेची, हे संदर्भ जाणणाऱ्यालाच कळते.

आणि ही झाली पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीची कथा. बेळगावच्या दस्तांत कन्नड व मराठी हातात हात घालून चालतात; तिथल्या ‘पहणी’ला महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याचे सगेसोयरे म्हणावे लागते. हैदराबादच्या जुन्या मराठी कागदांत उर्दू-फारसीचा भरणा आहे, बडोद्याच्या कागदांत गुजरातीचा, ग्वाल्हेर-इंदूरच्या कागदांत हिंदीचा, गोव्यात पोर्तुगीज कायद्याचा. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीची ही श्रीमंती यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही. यंत्राने लिहिलेली सरासरी मराठी उद्या पुन्हा महाजालावर जाईल, पुढचे यंत्र तिच्यावरच शिकेल, आणि तिथे ज्यांची नोंद नाही ते आपले शब्द ‘चुकीचे’ ठरतील. कन्नड माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची व्यथाही यापेक्षा वेगळी नाही. या प्रश्नात कन्नड आणि मराठी एकाच बाजूला उभ्या आहेत, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे.

भाषांतराशिवाय दुसरा धोका आहे तो खोट्या आधाराचा. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३ साली ‘माटा विरुद्ध अव्हिआन्का’ या प्रकरणात वकिलांनी सादर केलेले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचले होते. निवाडे खरे आहेत का, असे वकिलाने यंत्रालाच विचारले होते आणि यंत्राने होकार दिला होता. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. आपल्याकडेही बंगळुरूच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणावर डिसेंबर २०२४ चा आपला एक आदेश मागे घेण्याची वेळ आली, कारण त्यात अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचे दाखले आले होते. विद्यार्थ्यांसाठी एक सापळा तर आमच्या कायद्यांनीच रचून ठेवला आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहिता लागू झाल्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. जुन्या लिखाणावर पोसलेले यंत्र या दोहोंची सहज सरमिसळ करते. मूळ अधिनियम उघडून पाहण्याची सवय ज्याला नाही, त्याचा अर्ज पहिल्याच पानावर कोसळतो.

विद्यापीठांनी यावर काढलेला उपाय म्हणजे यंत्राची चोरी पकडणारे दुसरे यंत्र. वकील या नात्याने मला हा उपाय अधिक चिंताजनक वाटतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले, की इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध ही शोधयंत्रे सरासरीने ‘यंत्रलिखित’ ठरवतात. कारण उघड आहे : परकी भाषा शिकलेला माणूस मोजके शब्द आणि ठरीव वाक्यरचना वापरतो. म्हणजे मराठी शाळेतून येऊन कष्टाने इंग्रजी कमावलेली मुलगी चोर ठरण्याची शक्यता अधिक. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात २०२४ साली एका एलएल.एम.च्या विद्यार्थ्याने अशाच ठपक्याविरुद्ध दाद मागितली. विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्यावर याचिका निकाली निघाली. बाजू ऐकून घेतल्याशिवाय दोषी ठरवू नये, आणि आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा, ही तत्त्वे ज्या वर्गात शिकवली जातात त्याच वर्गात यंत्राच्या टक्केवारीवर मुलांना दोषी ठरवले जावे, हे विपरीत आहे.

मग करावे काय? मागे वळून पाहिले तर आपल्याच परंपरेत उत्तर सापडते. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा आठ भाषांतला राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश सिद्ध झाला. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले आणि उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचे ठरले. त्याआधीच १९१७ साली तिथे भाषांतरासाठी स्वतंत्र विभाग उभारला गेला. संस्थानातल्या मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलांवर त्या उर्दूचे ओझे पडले, हे विसरता येत नाही. पण भारतीय भाषेतून वैद्यक आणि कायदा शिकवायचा तर आधी विद्वानांनी एकत्र बसून एकेका शब्दाचा खल केला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोशासारखे परिभाषा कोश केले, तेही समित्यांमध्ये वाद घालून. या शब्दांवर टीका झाली, काहींची थट्टाही झाली. तरी शब्द चुकला तर जाब विचारायला कुणीतरी होते. प्रत्येक शब्दाला माणूस जामीन होता.

आमच्या धंद्यात जामिनाला फार महत्त्व आहे. वकीलपत्रावर वकिलाची सही असते, दस्तावर साक्षीदारांची, सत्यापनावर पक्षकाराची. कोणता शब्द कुणी उच्चारला आणि त्याचे परिणाम कोण भोगणार, हे कागदावर स्पष्ट असावे लागते. सर्वोच्च न्यायालय २०१९ पासून निवाड्यांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही यंत्रप्रणाली वापरते. परंतु तिचे भाषांतर माणसांकडून तपासून घेतले जाते, आणि अधिकृत मजकूर इंग्रजीच मानला जातो. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण आखले, त्यात निर्णयापर्यंत पोहोचण्यासाठी अशा साधनांचा वापर निषिद्ध केला. न्यायव्यवस्था जे तत्त्व स्वतःसाठी पाळते, ते उच्च शिक्षणाला का लागू असू नये? पदवी म्हणजे तरी काय? ‘या व्यक्तीने लिहिलेल्या शब्दाला ती स्वतः उत्तरदायी राहू शकते’ असा विद्यापीठाने दिलेला दाखलाच ना?

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. विद्यार्थ्याने लिहून आणलेल्या प्रत्येक प्रकल्पावर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घ्यावी. ती त्याला हव्या त्या भाषेत, मराठीत वा कन्नडमध्ये, देऊ द्यावी. लिहिलेले समजले आहे की नाही, ते दोन प्रश्नांत उघड होते. दस्तलेखनाच्या विषयात मराठी आणि कन्नडमधले खरे जुने दस्त, नावे झाकून, वाचायला द्यावेत. निवृत्त दस्तलेखक, वकिलांचे जुने कारकून, मोडी वाचणारी उरलीसुरली माणसे यांना महिन्यातून एकदा वर्गात बोलवावे. त्यांच्याकडे पदवी नसेल, पण ‘अज्ञान’चा अर्थ त्यांना ठाऊक आहे. यंत्र वापरायचे तर वापरावे, पण मूळ कागद शेजारी ठेवून, ओळ ओळ ताडून, आणि खाली स्वतःची सही करून.

आपल्या वाट्याचे काम याहून जवळचे आहे. आपल्या घरांतल्या ट्रंकांत, देवघरातल्या फडताळांत जे दस्त पडून आहेत, त्यांतले शब्द एकत्र केले पाहिजेत : शब्द, त्याचा अर्थ, तो कोणत्या गावच्या कोणत्या सालच्या कागदात आला, त्याला कन्नड, गुजराती, हिंदी वा उर्दू प्रतिशब्द कोणता, आणि हा अर्थ सांगणाऱ्याचे नाव. बेळगावने आपले शब्द काढावेत, बडोद्याने, इंदूरने, हैदराबादने, गोव्याने आपापले. पहिल्या वर्षी पाचशे शब्द झाले तरी पुष्कळ. मी माझ्या जुन्या फायलींतून सुरुवात केली आहे. त्या विद्यार्थिनीकडे मी पहिले वीस दस्त सोपवले आहेत. तिच्या वहीतला पहिला शब्द अर्थातच ‘अज्ञान’ आहे, आणि त्याच्यापुढे तिची सही आहे.